जर्मनीच्या वेळेने सटाण्याला

सटाण्याला जायचं ठरलं ते मुलगा बघायला, आणि मुलगा होता जर्मनीत. हसू नका. माझी भाची कल्याणी सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि नाशिकला आमच्याकडे राहते. तिचे आईवडील सटाण्याला. पहिल्या व्हिडिओ कॉलला मुलगी आईवडिलांच्या शेजारी बसलेली दिसली पाहिजे, असा मुलाच्या आईचा आग्रह. मुलाने वेळ दिली, 'रविवारी, माझ्या सकाळी नऊला.' शनिवारी संध्याकाळी मी मोबाइलवर बघितलं, जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. म्हणजे आपले दुपारचे दीड. तरी घरात जो तो आपापला हिशेब करायला लागला, तेव्हा मी मनगटावरचं घड्याळच काढून जर्मनीच्या वेळेला लावलं. म्हटलं, आता कुणी बोटं मोजायची नाहीत.

रविवारी सकाळी मी आणि कल्याणी आरामात निघालो. रस्ता दोन-अडीच तासांचा. पिंपळगाव बसवंतपर्यंत हायवे झकास, मात्र मार्च महिन्यात द्राक्षांचे टेम्पो मध्येच वळतात, जपून चालवा. टोलच्या आधी मिसळ खाल्ली. दोघांचे अडीचशे रुपये झाले आणि पाव शिळा होता, त्यामुळे हॉटेलचं नाव सांगत नाही. सोग्रस फाट्याला डावीकडे वळलं की गर्दी संपते. भावडबारीचा घाट छोटाच, पण उतरताना दोन्हीकडे कांद्याची हिरवी शेतं दिसतात आणि बरं वाटतं.

घाटाखाली एका रसवंतीवर थांबलो. माझ्या जर्मन घड्याळात आठ वाजून गेले होते, हातात जवळपास तास होता आणि सटाणा फार लांब नव्हतं. कल्याणी साध्या कुडत्यात, साडी मागच्या सीटवर घडी करून ठेवलेली. तिने रसाचा ग्लास तोंडाला लावला आणि फोन वाजला. मुलाचा व्हिडिओ कॉल. चित्र गोठलं, आवाज तुटला.

"आठे रेंज नही शे, ताई," रसवाला म्हणाला. "तठे निंबना झाडखाले जा." आणि त्याने आपलं मशीन बंद केलं.

लिंबाखाली चित्र आलं. मुलगा कोट घालून बसलेला, दुसऱ्या चौकटीत पुण्याहून त्याची आई.

"नऊ केव्हाच वाजले," मुलगा म्हणाला. "आम्ही लिंकवर वाट बघतोय."

मी कल्याणीच्या खांद्यावरून मनगट पुढे केलं. "अहो, तुमचे आत्ता सव्वाआठ होतायत."

"आज पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे गेली, काका. समर टाइम. नेटवर असतं सगळं."

"पहिल्याच भेटीला उशीर," त्याची आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मला सांगा, उन्हाळ्यात उजेड लवकर होतो तर माणसाने लवकर उठावं. त्यासाठी अख्ख्या देशाने पहाटे काटे सरकवायचे? सूर्य काय यांच्याकडे नोकरीला आहे? सातपूरची पहिली पाळी थंडी असो, ऊन असो, सातलाच लागते. घोळ घालायचा युरोपने आणि बोलणी खायची आम्ही, तीही रसवंतीवर उभं राहून.

कल्याणी मात्र शांत होती. "तुम्हाला हे काल माहीत होतं?"

"अर्थात. दरवर्षीचं आहे."

"मग काल मेसेज केलात, त्यात का नाही लिहिलं?"

"तू इंजिनिअर आहेस. मला वाटलं, तू बघशील."

ती "बरं" म्हणाली. फोन ठेवून उरलेला रस तिने संपवला. रसवाल्याने जास्तीचा अर्धा ग्लास दिला आणि त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

सटाण्याला ताईने, म्हणजे कल्याणीच्या आईने, मांडे आणि आमरसाचा घाट घातला होता. मार्चमधला आंबा, भाव विचारू नका. कल्याणी साडी नेसली, आईवडिलांच्या शेजारी बसली, पुन्हा कॉल झाला. मुलगा पगार, घर, बर्फ यांवर बराच बोलला. झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर नाही. ताईचा चेहरा पडला होता. पोरीचं जमता जमता राहतंय, ही भीती तिने बोलूनही दाखवली.

परतताना मी विचारलं, "तासाभरावरून नाही म्हणणार का गं?"

"तासाचं काय घेऊन बसलात, मामा," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं, मला नव्हतं. एका ओळीचा प्रश्न होता. उद्या मी तिथं एकटी असेन आणि तिथलं मला काहीच माहीत नसेल. तेव्हाही हा 'मला वाटलं, तू बघशील' म्हणणार."



तुम्ही सटाण्याला जाणार असाल तर जरूर जा, रस्ता चांगला आहे. पण परदेशातल्या कुणाशी वेळ ठरवली असेल, तर त्याला त्याच दिवशी सकाळी फोन करा. त्याने त्याआधीच स्वतःहून सांगितलं तर माणूस भला समजा.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा मेसेज आला, 'मुलगी पसंत आहे. झालेला उशीर आम्ही मनावर घेतलेला नाही.' मी समर टाइमपासून सुरुवात करून लांबलचक उत्तर लिहिलं. पाठवणार, तोच कल्याणीने फोन हातातून घेतला, माझं सगळं पुसलं आणि चार शब्द लिहून पाठवले: 'आम्ही मनावर घेतलं आहे.'