बोटीला प्लेट का बसवली नाही

धरणात माझी आणि धाकट्या चुलतभावाची सामाईक बोट होती, भाडं घेऊन माणसं पलीकडे सोडायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की इंजिनाचा पंखा चिखलात रुतायचा, म्हणून काठापासून लांबच थांबावं लागे. इंजिन सरळ वर उचलणारी हायड्रॉलिक प्लेट बसवू, असं तो म्हणाला. मी इंजिन अडकवायची मागची फळी ठोकून सांगितलं, वजन पेलणार नाही. खरं तर फळी मजबूत होती. त्याला आधी सुचलं, हेच मला सोसलं नाही. मी थोरला, म्हणून त्यानं पुन्हा तपासलं नाही.

मे महिन्यात हिरड्याचं ओझं घेऊन एक म्हातारी गुडघाभर चिखलात उतरली.

"भाडं घेता अन् वर चिखलात लोळवता व्हय?"

"आजी, फळी कच्ची हाय. आमच्या भाऊंनी सोता बघितलीय," म्हणत त्यानं तिचं ओझं डोक्यावर घेतलं. मी बोटीतच बसून राहिलो.