झुझाना मॅडम आणि बावीस स्टार

दुबईत खिडक्या घट्ट लावल्या तरी घरात वाळू येतेच. रोज झाडा, रोज तेवढीच. टेनिस क्लबच्या बुकिंग डेस्कवर बसणाऱ्याकडे किस्सेही तसेच येतात. मी तिथे सात वर्षं बसलो. त्यातले निम्मे किस्से एकट्या झुझाना मॅडमचे!

मॅडम स्लोव्हाकियाच्या. एके काळी प्रोफेशनल टेनिस खेळलेल्या. गुडघा गेला, खेळ सुटला आणि नव्वदचं दशक संपता संपता त्या आमच्याकडे कोच म्हणून आल्या. आमचे मॅनेजर मेनन साहेब म्हणजे मार्केटिंगचे महामेरू. त्यांनी ब्रोशरवर छापलं, ‘वर्ल्ड चॅम्पियनकडून टेनिस शिका!’

मॅडमनी माझं पेन घेतलं, ‘वर्ल्ड चॅम्पियन’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘ग्रँड स्लॅम. फर्स्ट राउंड. हरले.’

साहेब हवालदिल. "मॅडम, हे वाचून कोण येणार?"

"ज्याला टेनिस शिकायचंय तो!"

पुढच्या ब्रोशरवर साहेबांनी फक्त स्विमिंग पूलचा फोटो छापला.

*

मॅडमचा एक जुना कप रिसेप्शनमध्ये ठेवलेला होता. त्यावर ‘चेकोस्लोव्हाकिया’ कोरलेलं. एका पालकांनी ते वाचलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही देश कधी बदललात?"

"मी? मी प्रॅक्टिस करत होते. देशच बदलला!"

पालक हळहळले. मग काळजीने म्हणाले, "अरेरे! मग व्हिसाचं काय केलंत?"

*

शारजाच्या अल नहदाहून दर शुक्रवारी कुलकर्णी कुटुंब यायचं. अकरा वर्षांची शाल्मली आमची विद्यार्थिनी. तिच्या बॅगेत तीन रॅकेट्स. कुलकर्ण्यांनी एकदा कौतुकाने विचारलं, "मॅडम, लहानपणी तुमच्याकडे किती होत्या?"

"अर्धी."

"अर्धी?"

"एक रॅकेट, दोघी बहिणी. तिची मॅच संपली की माझी सुरू."

"वा! काय प्रेम असेल बहिणींचं!"

"कसलं प्रेम? ती हरावी म्हणून मी देवाला साकडं घालायचे. ती जिंकत सुटली की मला रॅकेटच मिळायची नाही!"

शाल्मली लगेच म्हणाली, "पपा, कॅन आय लीव्ह टू रॅकेट्स ॲट होम?"

*

कुलकर्णी इंजिनियर. जन्मात रॅकेट धरली नव्हती, पण टीव्हीवर टेनिस पाहून तज्ज्ञ झालेले. जाळीबाहेर वही घेऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "टॉपस्पिन! शाल्मली, टॉपस्पिन मार!"

एकदा मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "सर, टॉपस्पिन म्हणजे नक्की काय?"

कुलकर्णी वीस मिनिटं बोलले. आकृतीसुद्धा काढली. तेवढ्या वेळात पोरांनी शांतपणे प्रॅक्टिस केली.

पुढच्या शुक्रवारी मॅडम माझ्या डेस्कशी आल्या. म्हणाल्या, "आज बॅकहँड तू विचार."

*

मॅडम कधी कुणाला ‘गुड जॉब’ म्हणायच्या नाहीत. पालकांची तीच तक्रार. त्यावर मेनन साहेबांनी तोडगा काढला, ‘स्टार ऑफ द मंथ’ सर्टिफिकेट. बावीस मुलं, बावीस स्टार!

मॅडमनी मुकाट्याने सगळ्यांवर सह्या केल्या. फक्त शेऱ्याचा रकाना रिकामा सोडवला नाही त्यांना. कुणाला ‘उशिरा येतो’, कुणाला ‘गप्पा फार’. शाल्मलीच्या शेऱ्यात एकच शब्द होता, ‘वडील’.

कुलकर्ण्यांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. पाहुण्यांना सांगायचे, "कोचने माझा खास उल्लेख केलाय!"

*

पण इंटर-क्लब टीममध्ये शाल्मली नाही म्हटल्यावर कुलकर्णी खवळले. मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, आणि त्या गुडघ्यावर दुसरीकडे कोण घेणार? नेमकं तेव्हाच कुलकर्ण्यांनी पत्र लिहिलं, ‘कोच बदला’. पालकांच्या सह्या घेतल्या. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी क्लास संपल्यावर कोर्टाशेजारीच मीटिंग भरली. मेनन साहेब म्हणाले, "कुलकर्णी साब, आप लेटर वापस लो, मैं अभी साइन करता हूँ. नहीं तो खलास."

"तीन वर्षांत यांनी एक तरी प्लेयर तयार केलाय का?" कुलकर्णी गरजले. "यांच्या कुठल्याही स्टुडंटने मला एक गेम हरवून दाखवावा. इथल्या इथे पत्र फाडतो!"

समोर सगळी आठ ते बारा वर्षांची पोरं. सहा फुटी कुलकर्ण्यांचं शौर्य वाखाणण्यासारखंच होतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बुकिंगच्या रजिस्टरमध्ये दर मंगळवारी सकाळी दहाला एक नाव असायचं, पण ते कुणाला सांगायचं नाही असा शब्द आम्ही दोघांनी दिला होता.

तेवढ्यात बाकावरून कुलकर्णी वहिनी उठल्या. दर शुक्रवारी त्या तिथे डबा घेऊन बसायच्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि ओढणी कमरेला बांधली.

"शाल्मली, रॅकेट दे गं."

"ममा? यू?"

पहिली सर्व्हिस कुलकर्ण्यांच्या उजवीकडून गेली. दुसरी डावीकडून. तिसरी त्यांनी अडवली, खांद्याने. चौथी त्यांनी नुसती पाहिली. गेम खलास!

कुलकर्णी धापा टाकत म्हणाले, "अगं, मला वॉर्म-अप कुठे मिळाला?"

वहिनी म्हणाल्या, "अहो, आधी पत्र फाडा. मग करा वॉर्म-अप!"