लिनबाईंची पाच तत्त्वं आणि माझा एक खांदा

लिनबाई पेशंटची नाडी बघण्याआधी त्याचा वास घ्यायच्या. दारातच. तुम्ही कोट काढत असताना त्या दोन पावलं पुढे यायच्या, डोळे मिटायच्या आणि तुमच्या मानेपाशी नाक आणून एक लांब श्वास घ्यायच्या, जसा आपण मंडईत खरबुजाच्या देठाशी घेतो. मग तोंडाचा रंग निरखायच्या. मग म्हणायच्या, "बोल." काय बोलायचं ते सांगायच्या नाहीत. शब्दांशी त्यांना कर्तव्य नव्हतं, आवाज ऐकायचा असायचा.

या बाईंचं काम कायमचं बंद पडायची वेळ आली, तेव्हा ते वाचवायला माझ्या चार खऱ्या ओळी हव्या होत्या. त्या लिहिताना मी काय रडीचा डाव खेळले, ते आता नाती मोठ्या झाल्यावर सांगायला हरकत नाही.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशी. आम्ही परदेशात, श्रूजबरी नावाच्या गावात राहायचो आणि जवळच्या शहरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचे. वय सदतीस, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी., आणि त्या एम.एस्सी.चा मला इतका माज, की घरात दही लागलं नाही तर मी जिवाणूंवर व्याख्यान द्यायचे. नवरा म्हणायचा, "कारण नको, दही दे." अशा या विदुषीचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. लॅबमधली वरच्या फळीवरची बाटली निघेना, अंबाडा घालता येईना. डॉक्टर म्हणाले, "वर्ष-दीड वर्षात आपोआप सुटेल." तोवर अंबाडा नवरा घालायला लागला. तो सिव्हिल इंजिनियर. अंबाडा पडायचा नाही, पण दिसायचा पाण्याच्या टाकीसारखा. चार महिने मी ती टाकी डोक्यावर वागवली आणि मग त्याच्या ऑफिसातल्या एका चिनी माणसाने दिलेल्या, सुया टोचून दुखणं घालवणाऱ्या बाईंच्या पत्त्यावर निमूट गेले.

एका चांभाराच्या दुकानावर जिना, जिन्यावर एक खोली, खोलीत एक उंच टेबल आणि भिंतीवर पाच रंगांच्या वर्तुळांचा तक्ता. लिनबाई साठीच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील इतक्या. इंग्रजी तुटक. एकेक शब्द असा ठेवायच्या, जशी आपण उंबऱ्यावर पणती ठेवतो, वारा लागेल की काय अशा बेताने.

आता झालं असं, की आदल्या दिवशी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गावोगावच्या पंचवीस-तीस बायका. कपाळापासून बोटांपर्यंत मी पिवळी. कोट स्वयंपाकघराशेजारच्या कपाटातला, त्यात आठवड्याभराच्या फोडण्या मुरलेल्या. आणि आवाज? पुण्याला ट्रंक कॉल लावून लावून माझा आवाज कायमचा सात समुद्रांपलीकडे पोचेल असा झाला होता. मुलगी सारखी म्हणायची, "आई, यू आर येलिंग." मी म्हणायचे, "मी बोलतेय!"

लिनबाईंच्या शास्त्रात शरीरात पाच तत्त्वं: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. प्रत्येकाचा रंग ठरलेला, वास ठरलेला, आवाज ठरलेला. माती बिघडली की माणूस पिवळा दिसतो. अग्नी बिघडला की करपल्याचा वास येतो. लाकूड बिघडलं की माणूस ओरडून बोलतो. त्यांनी मला हुंगलं, बघितलं, ऐकलं आणि त्या स्वतःच एका स्टुलावर बसल्या.

"रंग माती. वास आग. आवाज लाकूड," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत असं बघितलं नाही. तू चालतेस कशी?"

सरळ सांगायचं ना, की बाई, ही हळद आहे! पण नाही. माझं लक्ष तक्त्याकडे गेलं आणि अंगात काय संचारलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुमची पाच तत्त्वं चुकली आहेत. खरी पाच आमच्याकडे आहेत. तुमच्यात वायू कुठेय? आकाश कुठेय?" म्हणजे बघा, जिने कॉलेजात शंभरावर मूलद्रव्यं घोकली होती, आणि पंचमहाभूतांवरही जिचा काडीचा विश्वास नव्हता, ती एका परक्या बाईशी तुमची पाच की आमची पाच यावर हमरीतुमरीवर आली होती. माहेरची दागिन्यांची पेटी कुणी उघडली, तर सासरी भांडावं तशी.

लिनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आकाश बरं. पण तिथे सुई कुठे टोचू?"

मी आकाश कुठे बसेल ते तक्त्यावर शोधायला लागले. तेवढ्यात त्यांनी ओला रुमाल घेऊन माझं कपाळ खसकन पुसलं. रुमाल पिवळा झाला. त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला. "हे काय?"

"हळद."

"घरी जा. आंघोळ कर. तीन दिवस स्वयंपाक नाही. दुसरा कोट घाल. मग ये." मी दारात पोचल्यावर म्हणाल्या, "आणि येताना खरा आवाज आण."

"हाच माझा खरा आवाज आहे!"

खाली चांभाराची हातोडी थांबली. लिनबाईंनी मान डोलावली. "मग लाकूड खरं."

तीन दिवस आम्ही पाव-जॅम खाल्ला. चौथ्या दिवशी मी बिनवासाची होऊन टेबलावर आडवी झाले, तर बाईंनी सुई टोचली घोट्याशी. मी म्हटलं, "खांदा वर आहे!" त्या म्हणाल्या, "पाणी लाकडाची आई. मूल रडतं तेव्हा मुलाला कशाला मारू? आईशी बोलते." त्यांचं सगळं असंच नात्यागोत्यात चालायचं. हे तत्त्व त्याची आई, ते याची आजी, आणि आजीचं काम म्हणे नातवाला काबूत ठेवणं. "आजी दमली की नातू माजतो," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटरीत एकदा अशी सुई घातली, की माझ्या सगळ्या आज्या जाग्या झाल्या.

मेमध्ये एका सकाळी मी माझा अंबाडा माझ्या हातांनी घातला. आता खरी लबाडी ऐका. सगळ्यांना मी सांगितलं, की मी शास्त्रशुद्ध व्यायाम करून खांदा सोडवला. आलेखाच्या कागदावर व्यायामाचा रंगीत तक्ताही काढून लॅबमध्ये लावला. दर गुरुवारी लवकर निघायचे ते डेंटिस्टच्या नावाखाली. एकदा एकीने विचारलंच, "तुला दात आहेत तरी किती?"

त्याच उन्हाळ्यात परवान्याचे नवे नियम येऊ घातले. लिनबाईंच्या वकिलाने सांगितलं, अर्जाला पेशंटचं पत्र जोडा आणि समितीपुढे कुणाला तरी उभं करा. त्यांचे पेशंट कोण? पाठ धरलेले हॉटेलातले आचारी, त्यांना इंग्रजी यायचं नाही. आणि दोन लांब केसांचे तरुण, त्यांना बघून समितीने दारच लावलं असतं. उरले मी, हॉस्पिटलवाली. लिनबाई म्हणाल्या, "परवाना नाही, तर टेबल विकते. मुलाच्या घरी जाते. सुनेची भाजी चिरते." एवढंच. विनवणी त्यांच्या स्वभावात नव्हती.

मी पत्र लिहून नेलं. मोठं सुंदर पत्र! 'या उपचारास शास्त्रीय आधार आढळत नसला, तरी सदर कालावधीत काही सुधारणा जाणवली असे म्हणणे अगदीच अशक्य नाही. अर्थात योगायोगाची शक्यता नाकारता येत नाही.' समितीतले एक सर्जन आमच्याच हॉस्पिटलात यायचे ना! त्यांनी मला हसायला नको, आणि लिनबाईंनी रागवायला नको.

त्यांनी ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं. "हे माझ्या बाजूने, की माझ्याविरुद्ध?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"लॅबमध्ये असाच रिपोर्ट देतेस? रक्तात साखर आहे, नसेलही?"

माझे कान तापले. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवली. "तुझं डोकं काय म्हणतं, ते नको. हात काय करतो, ते लिही."

मी चार ओळी लिहिल्या आणि समितीपुढे गेले. ते सर्जन मधल्याच खुर्चीत. त्यांनी विचारलं, "तुमचा या पाच तत्त्वांवर विश्वास आहे?"

"नाही," मी म्हटलं. एवढं इंग्रजी लिनबाईंना कळत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मग?"

"जानेवारीत हात इथवर जायचा," मी दाखवलं. "मेमध्ये इथवर. मधल्या काळात दर गुरुवारी मी यांच्या टेबलावर होते. का सुटला, मला ठाऊक नाही. तो आपोआप सुटेल, असं डॉक्टर म्हणाले होतेच. पण मी सगळ्यांना सांगितलं, की व्यायामाने सुटला. ते खोटं आहे. मी तक्ता काढला होता, व्यायाम केला नव्हता."

सर्जन खोकले. बहुधा हसले असावेत. लॅबमध्ये पुढे वर्षभर माझ्या खुर्चीला कुणी ना कुणी टाचण्या लावून ठेवत असे. लिनबाईंना परवाना मिळाला. चांभाराच्या वर त्या आणखी बरीच वर्षं माणसं हुंगत राहिल्या. मग हात थरथरायला लागल्यावर मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेल्या आणि तिथेच वारल्या. माझा खांदा सुयांनी सुटला की वेळेने, ते मला अजून ठाऊक नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगते.

पण लिनबाई म्हटलं की मला समितीच्या इमारतीच्या पायऱ्या आठवतात. निकाल अजून लागायचा होता. मी घामाघूम. त्या पायरीवर बसल्या आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला डबा काढला. आत दोन पांढरेशुभ्र वाफवलेले गोळे.

"आत काय सांगितलंस? फार भरभर बोललीस."

"की मी खोटारडी आहे."

"बरं झालं. खा."

सात पिढ्यांत अंड्याला न शिवलेल्या घरातली मी. "यात काय आहे?" मी विचारलं.

"गरम आहे," लिनबाई म्हणाल्या.

मी एक घास तोडला. आत काहीतरी होतं. जन्मभर लोकांच्या रक्तात काय काय आहे ते शोधत आलेल्या बाईने दुसरा घासही काही न विचारता तोडला.