खंजिरीची चौदा हजार पावलं

हे पाहा राजेहो, हसायचं असेल तर आताच हसून घ्या. एकदा मी सांगाले लागलो की मधात हसू नका. कारण या माह्या येडेपणापायी माह्या पोरीचं जर्मनीले जाणं बुडता बुडता वाचलं होतं, अन् ते आठवलं की मले अजूनही घाम सुटते. चहा घ्या, सांगतो.

मी अमरावतीत एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. तीस वर्षं झाली. आमच्या ऑफिसचं एक आहे, तिथं माणसं बसून राहतात अन् फाइली चालतात. सकाळी खुर्चीत टेकलो की मी दुपारच्या डब्यालेही उठत नाही. खुर्ची वळवली की डबा हाताशी येते. नाही म्हणायले एक व्यायाम होते, जांभईचा.

या बसण्यानं मागच्या वर्षी मले साखर निघाली. आमचे डॉक्टर म्हणाले, "वानखडे, गोळी देतो, पण खरं औषध चालणं आहे. रोज चाला."

मी हौ म्हटलं. डॉक्टरले हौ म्हणायले काय लागते?

पण ही खबर बायकोनं फोनवर पल्लवीले दिली. पल्लवी म्हणजे आमची एकुलती एक, पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. सुट्टीत आली ते एक नवं घड्याळच घेऊन आली. डाव्या मनगटावर माहं लग्नातलं घड्याळ, सासऱ्यानं दिलेलं. ते काढलं तर घरात बसणं मुश्कील, म्हणून हे नवं तिनं उजव्या हातात बांधलं.

"बाबा, हे तुमची पावलं मोजतं. आणि आकडा मला तिकडे पुण्यात माझ्या फोनवर दिसतो. रोज दहा हजार पाहिजेत."

"दहा हजार? म्हणजे मी रोज बडनेऱ्याले पायी जाऊ काय?"

"जा ना. कोणी अडवलंय?"

ती गेली अन् पहिल्याच दिवशी माही परीक्षा सुरू झाली. संध्याकाळी पाहतो तर दिवसभराची पावलं साडेअठराशे. त्यातली निम्मी दह्या-चटणीतल्या गिलावड्याच्या गाडीपर्यंतची! म्हटलं, झालं, पोरगी आता फोन करते.

तशातच वेळ झाली भजनाची. आमच्या कॉलनीतल्या सभामंडपात रोज सांजच्याले सामुदायिक प्रार्थना असते, अन् मंग तासभर भजन. त्यात मी खंजिरी वाजवतो. डाव्या हातात खंजिरी अन् उजव्यानं थाप. त्या कामात माहा हात कोणी धरत नाही, हे मी नाही, पूर्ण कॉलनी म्हणते. भजन सुटलं, घड्याळ पाहिलं.

अकरा हजार!

आता तुमी म्हणाल, वानखडे, तुले तवाच समजलं नाही काय? खरं सांगतो, नाही समजलं. मले वाटलं, घड्याळ मांगच्या पावलांची नोंद उशिरा चढवत असेल. आमच्या ऑफिसात नाही का, वर्षभराचं काम मार्चात एकदम चढते!

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा! अकरा हजार! पहिल्याच दिवशी! मला रडू यायला लागलंय."

पोरगी खरंच रडत होती. बायको फोनले कान लावून उभी, तिचेही डोळे भरले. अशा वेळी माणसानं काय म्हणावं? मी म्हटलं, "मनात आणलं ना, तं काही कठीण नाही."

तिसऱ्या दिवशी मले गोम समजली. संथ भजन घेतलं त्या दिवशी सहा हजार, अन् चढ्या लयीचं घेतलं त्या दिवशी चौदा! घड्याळाले बिचाऱ्याले काय माहीत हात हलते का पाय. थाप पडली की ते पाऊल टाकते. मी मांडी घालून सतरंजीवर बसून होतो अन् तिकडे पुण्यात माहा आकडा धावून राहिला होता.

तवाच सांगाले पाहिजे होतं. नाही सांगितलं. मी यावर लई विचार केला राजेहो. माणूस दरवेळी फायद्यासाठीच खोटं बोलते असं नाही. कधी कधी आपल्यापायी कोणीतरी खूश झालेलं असते, अन् आपल्याच्यानं ते मोडवत नाही. तीस वर्षांत ऑफिसात मले कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं. इथं रोज रात्रीच्या जेवणाआधी म्हणत होती, अन् पोटची पोरगी म्हणत होती. सांगा, तुमी सोडलं असतं?

मंग मी बिघडलोच. भजनात संथ चाल निघाली की मी खाकरायचो. आमचे बाबाराव पेटीवर असतात. ते एक दिवस चिडले.

"वानखडे, संथ भजनाले तुमी काहून नको म्हणता हो?"

"जोर नाही येत त्याच्यात."

"भजनाले जोर लागते का भाव लागते?"

मी काय सांगू? भावानं पावलं पडत नाहीत बाबाराव!

अन् दुसरं असं, की आकड्यावर मीच विश्वास ठेवाले लागलो. चौदा हजार चाललेल्या माणसाले एक प्लेट गिलावडा जास्त खायचा हक्क नाही काय? चहातली साखरही परत आली. आकडा ऐकून साहेबांनी तं ऑफिसच्या मीटिंगमधे मले उभं करून चालण्याचे फायदे सांगाले लावले. मी पंधरा मिनिटं बोललो. नंतर चार जण सकाळी फिराले लागले. मी नाही लागलो.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर वाढलेली.

पल्लवीनं कौतुकानं माह्या पावलांचे आकडे डॉक्टरले पाठवून ठेवले होते. डॉक्टर एकदा रिपोर्ट पाहे, एकदा फोन पाहे. मंग त्यांनी चष्मा काढला.

"वानखडे, रोज चौदा हजार पावलं, वर माझी गोळी, तरी साखर चढतेच आहे. हे सरळ दिसत नाही. स्वादुपिंडाच्या तपासण्या कराव्या लागतील. नागपूरला चिठ्ठी देतो. घाबरू नका."

त्यांनी घाबरू नका म्हटलं अन् मी घाबरलो. आता गंमत पाहा, घाबरलेल्या माणसाले आपलंच खोटं आठवत नाही. दिवसभर मी पोटावर हात ठेवून स्वादुपिंड नेमकं कोणत्या बाजूले असते ते पाहून राहिलो होतो.

बायकोनं रातच्याले फोन केला, अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच पल्लवी दारात. डोळे सुजलेले. जेवाले बसलो तवा ती ताटाकडे पाहत बोलली, "मी जर्मनीला नाही म्हणून टाकते."

तिच्या कंपनीनं तिले दोन वर्षांसाठी जर्मनीले पाठवायचं ठरवलं होतं. चार वर्षं ती त्याच्यासाठी राबत होती, तिकडची भाषा शिकत होती.

"उद्या दुपारपर्यंत कळवायचंय," ती म्हणाली. "तुम्ही असे असताना मी कुठं जाऊ? इथंच अमरावतीत काहीतरी बघते."

बायको पोरीकडे पाहत होती. तव्यावरची भाकर करपली तरी तिले समजलं नाही. तवा मले माहं स्वादुपिंड नाही, माही खंजिरी आठवली.

म्हटलं, आता सांगायचंच. होईल ते होईल.

"पल्लवी, बेटा, मी चालत नाही."

तिनं हातातला घास ठेवला. "काय?"

"चालतच नाही मी. लई दिवसांपासून."

"आई! बाबांना चालता येत नाहीये!"

"अवो, काहून नाही सांगतलं मले?" बायको रडाले लागली. "पायात गेलं काय ते तुमच्या?"

"तसं नाही म्हणून राहिलो मी..."

"तुम्ही उठू नका! बसल्या जागेवरून हलू नका!"

कोण ऐकते? दोघींनी दोन बगलांत धरून मले उठवलं. बायकोनं शेजाऱ्यांनाही आवाज दिला. पायांनी धडधाकट माणूस मी, चौघांच्या खांद्यावर हात टाकून ऑटोत जाऊन बसलो. कॉलनीतल्या बाया दारात येऊन हात जोडून राहिल्या होत्या.

डॉक्टरांनी स्टुलावर बसवून गुडघ्यावर हातोडी मारली. पाय टणकन वर. तळव्याले गुदगुल्या केल्या, मी हसलो.

"पाय तर चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले.

"चांगलेच आहेत हो! वापरलेच नाहीत त!"

कोणाले काही समजेना. मंग मी काय केलं, टेबलावरची माहीच रिपोर्टची फाइल डाव्या हातात धरली अन् उजव्यानं थाप सुरू केली. चढ्या लयीत. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना वाटलं, साखर डोक्यात गेली.

"पल्लवी, फोन पाहा!" मी वाजवता वाजवताच ओरडलो.

तिनं फोन पाहिला. "दोनशे... साडेतीनशे..." तिचा आवाज बारीक होत गेला. "पाचशे."

बाहेर बाकावर तिवस्याचे एक म्हातारबुवा नंबर लावून बसले होते. ठेका ऐकला अन् त्यांनी तिकडून टाळ्या धरल्या! मी थांबलो तरी ते एकटेच दोन मिनिटं चालू होते.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन महिने."

"आणि खरं चालणं?"

"गिलावड्याच्या गाडीपर्यंत."

"म्हणजे जाऊन-येऊन?"

"येताना ऑटो."

डॉक्टरांनी फाइलीतली नागपूरची चिठ्ठी फाडली अन् त्या कपट्यांनी तोंड झाकून हसले. पल्लवी मात्र हसली नाही. ती पुण्यात राहून 'मला-तुला' बोलते, पण संतापली की तिचं अमरावती बाहेर येते.

"बाबा, तुमाले काही वाटते काय? मी रात्रभर झोपली नाही. तुमी मराले लागले समजून मी सगळं सोडून बसाले निघाली होती!"

"तू खूश होत होती बेटा. म्हणून मी..."

"मी आकड्यावर खूश होती काय? माहा बाप अजून लई दिवस राहते म्हणून खूश होती मी."

राजेहो, मी सरकारी माणूस. लई मेमो खाल्ले. पण तेवढी शरम मले कधी वाटली नव्हती. दवाखान्यातच, त्या बुवाच्या बाजूले बसून मी रडलो. पल्लवीनं बाहेरच्या पायरीवर जाऊन कंपनीत फोन लावला अन् हो सांगितलं. मंग आत आली अन् तिनं मले पायी घरी नेलं. कॉलनीतल्या बाया अजून दारातच होत्या. मले चालत येताना पाहून एकीनं तर नारळ फोडायचं म्हटलं.

तवापासून अट अशी, की भजनाले बसताना घड्याळ काढून पेटीवर ठेवायचं, बाबारावच्या समोर. पहिल्या दिवसाचा खरा आकडा आला दोन हजार शंभर. पुढं साडेतीन, मंग पाच. हळूहळू साखर उतराले लागली. बाबारावच्या मनासारखी संथ भजनंही सुरू झाली.

महिनाभरानं पल्लवी निघाली. बडनेऱ्याहून तिची सकाळची गाडी होती, पुढं विमान. सामान चढवलं, खिडकीतून तिचा हात धरला, गाडी हलली. मी हात हलवून राहिलो होतो. शेवटचा डबा गेला, लाल दिवा गेला, तरी माहा हात काही खाली येईना. बायको पदर डोळ्याले लावून उभी.

फोन वाजला. पल्लवीचा मेसेज.

"बाबा, फलाटावर उभ्या उभ्या चारशे पावलं? हात खाली करा आता. दिसून राहिलं मले इथून. अन् घरी पायी जा, बरोबर दहा हजार होतात."

मी हात खाली घेतला, तो खिशात घातला अन् बायकोसंग बडनेरा रोडनं पायी निघालो. अर्ध्या वाटेत ऑटो केला, हे तिले सांगू नका. तसं तुमी सांगायची गरजच नाही म्हणा, ऑटोत बसल्या बसल्याच तिचा फोन आला.