गार्डकाकांच्या सायकलची चेन

सहा वर्षं ज्या माणसाबरोबर मी सायकल चालवली, त्याची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. कारण तो कायम माझ्या मागे. माझ्याच काय, सगळ्यांच्याच मागे. अंबरनाथ-बदलापूरच्या आमच्या अकरा जणांच्या ग्रुपमध्ये शेवटची सायकल कायम त्यांची, म्हणून ट्रेनच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डवरून त्यांचं नाव पडलं गार्डकाका. खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं असेल.

राहायला बदलापूर गावात. मोरिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि नोकरीची सगळी वर्षं सायकलवरूनच गेले-आले. आम्ही सगळे घट्ट कपडे, गॉगल, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ अशा थाटात. काका मात्र बाह्या दुमडलेला शर्ट, चापात अडकवलेली पॅन्ट, खिशात एक तेलकट फडकं आणि डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. सायकल जुनी, काळी. तिला गिअरसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेले.

मी अंबरनाथ पूर्वेला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव "सुईबाई" ठेवलं. "लांब राहा हिच्यापासून, ही चहा पाजून बाटली भरून नेईल," असं सगळ्यांना सांगत सुटले. माझं वय तेव्हा एक्केचाळीस, वजन विचारू नका, आणि शाळा सुटल्यानंतर मी सायकलला हातही लावलेला नव्हता.

बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या पहिल्याच चढाला माझा जीव मेटाकुटीला आला. आता उतरावं तर लाज, न उतरावं तर मरण. इतक्यात मागून आवाज आला, "अगं थांब, थांब जरा! माझी चेन पडली वाटतं." मी असली खूश झाले! टुणकन उतरले, पाणी प्यायले, केळं खाल्लं. काका बिचारे खाली बसून चेनशी झटापट करत होते. मी पुरेशी माणसात आल्यावर त्यांची चेन बसली. पुढच्या चढाला ब्रेक घासायला लागला. त्याच्या पुढच्या चढाला पुन्हा चेन. शेवटी माझं तोंड कुठलं गप्प बसायला? मी फाडकन म्हटलं, "काका, एवढी सायकल खराब असेल तर आणता कशाला? सगळ्यांचा खोळंबा!" फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "सवय झालीय गं तिची."

घाट किती राहिला असं त्यांना विचारण्यात अर्थ नसे. "घाट काय पळून चाललाय?" हे एकच उत्तर. चढावर ते बोलायचे नाहीत. प्रत्येक वळणाला एकदा घंटी वाजवायचे, टिंग, म्हणजे मागे कुणीतरी आहे हे पुढच्याला कळावं. आणि त्यांचा एक नियम होता, गार्डने कुणाला ओलांडायचं नाही. तुम्ही थांबलात की तेही थांबणार. तसे आम्ही फार थांबत नव्हतो म्हणा. त्यांच्याच सायकलपायी थांबावं लागायचं, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो.

म्हणूनच त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती तेव्हा सायकलचं फुल सर्व्हिसिंग करून द्यायचं ठरलं. काका दोन दिवस लेकीकडे गेलेले बघून काकूंनी सायकल गुपचूप माझ्या हवाली केली आणि मी ती टेम्पोत घालून उल्हासनगरला नेली. तिथल्या सिंधी मेकॅनिकने पायडल फिरवलं, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, इसमें करना क्या है?"

मी म्हटलं, "अहो, चेन उतरती है ना बार बार. चढाव पे."

तो हसला. "ये चेन? ये उतरेगी नहीं, मॅडम. उतारनी पड़ेगी."

 बारवीचा चढ आठवला, केळं आठवलं, आणि सगळ्यात जास्त आठवलं ते माझं फाडकन बोलणं. इतकी शरम वाटली म्हणून सांगू! रडूच आलं. मेकॅनिक घाबरून पाणी घेऊन आला. ग्रुपला मी एवढंच सांगितलं की सर्व्हिसिंग झालं. पुढच्या राइडला काकांची चेन नेहमीसारखीच पडली आणि मी केळं सोलून त्यांना अर्धं दिलं.

गेल्या पावसाळ्यात काकांना डेंग्यू झाला. रोज सकाळी रक्त काढायला मीच जायची. "ये सुईबाई, जय भीम. आहे ते सगळं घेऊन जा एकदाच," अंथरुणातून थट्टा चालूच. प्लेटलेट चढल्या, ताप गेला, पण अंगातली ताकद काही परत येईना. मुलगा म्हणाला, पुरे झाली आता सायकल. त्यावर काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दिवाळीनंतर माळशेज. घाट चढलो तर चालू ठेवीन. टेम्पोत बसलो, तर सायकल त्याच टेम्पोतून भंगारात." काका तोंडातून शब्द काढायचे ते पाळायचेच, म्हणून मला धडकी भरली.

थंडीचे दिवस होते. मुरबाड गेलं, टोकावडे गेलं, समोर माळशेजचे कडे उन्हात स्वच्छ दिसायला लागले. वाटेत काकांची चेन दोनदा पडली, म्हणजे मी दोनदा दमले. सामानाचा टेम्पो आणि बाकीचे पुढे गेले. घाट सुरू झाला. पहिलं वळण, टिंग. दुसरं, टिंग. मी मान खाली घालून पायडल मारत होते. मग एक वळण गेलं आणि घंटी वाजली नाही.

मी मागे वळून खाली आले. काका कठड्याला टेकून उभे. दोन्ही हातांनी हॅंडल धरलेलं, चेहरा उतरलेला, पाय थरथरत होते. "श्वास बरा आहे ना? छातीत काही?" मी आधी मनगट धरून नाडी बघितली. नाडी जोरात होती, पण ठीक होती. "नुसते पाय गं," ते म्हणाले. "पाय ऐकत नाहीत." एवढ्यात वरून आमचा टेम्पो उतरताना दिसला. आम्ही मागे पडलो म्हणून ग्रुपच्या लीडरने, नितीनने, पाठवला होता. काकांनी टेम्पोकडे बघितलं आणि डोळे खाली केले. त्या माणसाला असं बघवेना मला.

मी म्हटलं, "काका, जरा थांबू या. माझी चेन पडतेय सारखी."

काकांनी माझ्या चेनकडे बघितलं. चेन जागच्या जागी, चकचकीत. मग माझ्याकडे बघितलं.  मला वाटलं, आता चिडतात.

"उलटी कर," ते म्हणाले. "बघू दे."

मी सायकल उलटी ठेवली. ते दगडावर बसले, फडकं काढलं आणि त्या धडधाकट चेनची एकेक कडी पुसायला लागले. टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, चला, बसा."

काकांनी मानसुद्धा वर केली नाही. "मी कुठे बसतोय? हिची सायकल बिघडलीय. वेळ लागेल. जा तू वर."

चांगली वीस मिनिटं लागली. पाणी झालं, चिक्की झाली, पायांची थरथर थांबली. काका उठले आणि सवयीने म्हणाले, "हं, हो पुढे."

"चेनचा भरवसा नाही, काका. तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते."

ते सायकलवर बसले. त्या दिवशी मी त्यांची पाठ पहिल्यांदा बघितली. घामाने चिकटलेला शर्ट, उजव्या खांद्यावर काकूंच्या हातची रफू, आणि डावीकडे थोडी झुकलेली पाठ. वळण आलं की मी घंटी वाजवत होते. माझी चेन आणखी चारदा पडली, एकदा ब्रेकही घासला. बोगदा गेला, वारा तोंडावर आला, आणि पिवळं हेल्मेट घाटमाथ्यावर पोचलं.

चहाच्या टपरीवर सगळे ताटकळलेले. टाळ्या वाजल्या, काकांचे फोटो निघाले. नितीन मात्र माझ्यावर जाम भडकला होता. "ताई, दीड तास झाला! सायकल एवढी खराब असेल तर आणता कशाला? सगळ्यांचा खोळंबा!"

मी म्हटलं, "सवय झालीय रे तिची."

काका बाकावर बसून बशीत चहा ओतत होते. मान वर न करता ते नितीनला म्हणाले, "ओरडू नको तिला. पुढच्या रविवारी बारवीला जायच्या आधी मी बघतो तिची चेन."