दारेसलामला गेलेली काचपेटी

मोरा गावचे जाफर तुंगेकर तुर्भ्याच्या एका छोट्या कारखान्यात काचपेट्या बनवायचे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या. शिक्षण सातवी, पण पेटीत नुसता हात घालून आत किती ऊब आहे ते सांगायचे, आणि थर्मामीटर बहुतेक वेळा त्यांच्या हो ला हो मिळवायचा.

शहाण्णव साली वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या लहान कारखानदारांना सरकारने टांझानियाला, दारेसलामच्या प्रदर्शनात न्यायचं ठरवलं. विमानभाडं सरकारचं, स्टॉल सरकारचा, आणि तिथल्या इस्पितळांशी गाठ घालून द्यायला आपली वकिलात. प्रत्येक कारखान्यातून एकच माणूस. मालकीण सुचित्रा करंदीकरांनी फॉर्मवर जाफरभाईंचं नाव लिहून टाकलं.

जाफरभाई हादरले. "मॅडम, माजं इंग्लिश म्हंजे येस आन नो!"

"बोलायला तिथं माणसं आहेत, जाफरभाई. पेटी बंद पडली तर मी काय तिच्यापुढे भाषण करू?"

गेले बिचारे. पहिले दोन दिवस लोक पेटीकडे बघून पुढच्या चकचकीत युरोपी यंत्रांकडे सरकत होते. वकिलातीच्या व्यापार विभागातल्या गीतांजली शर्मा, वयाने तरुण पण चिवट, तिसऱ्या दिवशी जाफरभाईंना आणि कारखानदारांच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांना घेऊन, पेटीसकट थेट एका सरकारी इस्पितळात पोचल्या. "आप मशीन चलाइए, बात मैं करूँगी."

तिथल्या मेट्रनबाई धिप्पाड, चेहऱ्यावर हसू नाही. औषधाला त्या आपल्या भाषेत 'दावा' म्हणाल्या तेव्हा जाफरभाईंना जरा धीर आला. दवाच की ही!

मेट्रननी एकच प्रश्न विचारला, "इथे वीज दोन-दोन तास जाते. मग?"

प्रमुख मोठे व्यापारी होते. ते जाफरभाईंच्या कानाशी लागले, "सांग, काही होत नाही म्हणून."

"सरकारच्या पैशानं आलोय साहेब, म्हंजे लोकांच्या. खोटं कसं बोलू?" जाफरभाई गीतांजलीबाईंकडे वळले. "बाईंना सांगा, अर्धा तास. त्याच्याम्होरं पेटी थंड."

गीतांजलीबाईंनी एकदा प्रमुखांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जसंच्या तसं सांगितलं.

मेट्रन पहिल्यांदाच हसल्या. "आजवर आलेल्या एकानेही हे सांगितलं नव्हतं."

"पन उपाय हाय," जाफरभाई म्हणाले. त्यांची मुलगी आफरीन सातव्या महिन्यात जन्मली होती. मोऱ्यात कुठली काचपेटी? त्यांच्या बायकोने, करिमुन्निसाने, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दीड महिना पोरीच्या आजूबाजूला ठेवल्या होत्या. पोरगी आता दहा वर्षांची, घर डोक्यावर घेते.

जाफरभाईंनी पत्रा मागितला, कात्री मागितली. इस्पितळाच्या मागच्या शेडमध्ये दुपारभर खपून पेटीच्या तळाशी एक खण बसवला. त्यात गरम पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि प्लग काढला. मेट्रन खुर्ची ओढून समोर बसल्या. दोन तासांनी त्यांनी पेटीतला थर्मामीटर उजेडात धरला. पारा जेमतेम एका रेघेने उतरला होता.

आठ पेट्यांची मागणी आली, खणासकट. अट एकच होती, इस्पितळाच्या दोन माणसांना दुरुस्ती शिकवायची. गीतांजलीबाईंनी दिल्लीला तीन पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्या दोघांच्या येण्याजाण्याचा खर्च मंजूर झाला. जानेवारीत ते दोघे तुर्भ्याला आले, महिनाभर राहिले.

एका रविवारी जाफरभाई त्यांना मोऱ्याला घरी घेऊन गेले. नारळाच्या रसातली मासळी पाहून पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्याकडेही अशीच करतात म्हणे. जेवताना एकाने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, तो खण कुणाच्या डोक्यातून निघाला?

जाफरभाईंनी चुलीकडे बोट दाखवलं.

करिमुन्निसाने पदर सारखा केला. "त्यात काय हाय? पानी कोनीबी गरम करतं," ती म्हणाली, आणि तिने न विचारता दोघांच्या ताटात आणखी एकेक तुकडा वाढला.