तोफेवरचा अर्धा कोयता

शिरूर कासारला मित्राच्या बी-बियाण्यांच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथल्या टेबलावर आम्ही अवकाशयानांच्या लढाईचा खेळ तयार करत होतो. पुठ्ठ्याची यानं, फासे, अंतर मोजायला शिंप्याचा टेप आणि नियमांची वही. वही माझी, बाकी सगळं त्याचं. दर रविवारी आमचे गणिताचे सर पंच म्हणून बसत. मी घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे, म्हणून त्यांच्यासमोर मी आवाज चढवत नसे. त्या रविवारी चढवला.

भांडण तोफेचं होतं. मित्राच्या मोठ्या यानांची तोफ साठ सेंटिमीटरवर मारा करायची. माझ्या छोट्या यानांची क्षेपणास्त्रं वीसपर्यंतच जायची आणि यान एका डावात पंधराच सरकायचं. मी जवळ पोचेपर्यंत त्याचे तीन बार उडालेले असत. पुढच्या रविवारी बीडहून कॉलेजची मुलं खेळायला येणार होती. असला एकतर्फी खेळ त्यांच्यापुढे ठेवायची मला लाज वाटत होती.

मी नवा नियम लिहून नेला. तोफेवर माणूस एकच, म्हणून एका डावात भरायची, दुसऱ्यात डागायची. दर डावाला डागायची असेल तर इंजिनावरचा माणूस तोफेवर आणायचा, मग यान जागचं हलणार नाही. नियमाचं नाव 'अर्धा कोयता'. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एका हंगामात आई आजारी पडली तेव्हा वडील एकटेच तोडत आणि एकटेच मोळ्या बांधत. मुकादम त्यांना सगळ्यांसमोर अर्धा कोयता म्हणायचा. एकट्याचं काम किती मागे पडतं, ते मी बांधावर बसून पाहिलेलं आहे.

मित्राने वही वाचली आणि टेबलावर टाकली.

"यानात कोयता काऊन आणला बे? मोळ्या बांधायच्यात का तिथं?"

"तोफ भरायला माणूस लागतो," मी म्हणालो.

"तू लई हरतो म्हणून माझी तोफ अर्धी करतो. सरळ सांग ना."

"तू तोफेमागं बसूनच जिंकतो. कुणीबी जिंकंल."

सर म्हणाले, "आधी जुन्याच नियमानं, यानं बदलून खेळा."

मी त्याची मोठी यानं घेतली. तीन डावांत त्याचं एकच यान उरलं. एकही क्षेपणास्त्र त्याला सोडता आलं नव्हतं. त्याने माझ्या हातातला टेप ओढला.

"टेप ढिला धरतो हा, सर."

सरांनी स्वतः मोजलं. अंतर बरोबर होतं. उरलेलं यान तो टेबलाच्या कडेला पळवत होता. माझं म्हणणं पटवून झालं होतं, थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. तेही पाडलं आणि मला बरं वाटलं.

"लिही तुझा नियम," तो म्हणाला. "नाव तेवढं काढ. माझ्या दुकानात ऊसतोड्यांची भाषा नको."

"नाव ऱ्हाईल," मी आवाज चढवून म्हणालो.

"मग पुढच्या रविवारी तू येऊ नको."

"अरे, दोन शब्दांसाठी?" सर म्हणाले. मी वही उचलून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी जाऊन नियम लिहून दिला, नावासकट. मुलं आली, खेळली. लढत शेवटच्या डावापर्यंत अटीतटीची झाली, असं सरांनी सांगितलं. नियम मित्रानेच समजावला, नियमाचं नाव न घेता. खेळ आता बरोबर चालतो. मला कुणी बोलावलेलं नाही, आणि बोलावलं तरी मी जाणार नाही.